गरुड आज गैरहजर

“पोरगी हुशार आहे, कामाची आहे, पण तोंडच उघडत नाही. अवकाशात आवाज पोचत नाही, तिथं ती चालून जाईल. कमांडच्या खुर्चीत नाही चालायची.”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. आमचे कर्नल साहेब ते विंग कमांडर साहेबांना सांगत होते, पार्टिशनच्या पलीकडे, हळू आवाजात. पण आमच्या ऑफिसातलं पार्टिशन प्लायवूडचं आहे आणि नागपूरच्या सदरमध्ये अजून तरी हवा आहे. त्यामुळे आवाज पोचला.

मी अलीकडे बसून आदल्या मीटिंगचे मिनिट्स लिहीत होते. हे वाक्य त्यात घ्यावं की नाही, असा प्रश्न पडला. शेवटी रजिस्टर उलटं केलं आणि मागच्या पानावर लिहून टाकलं. बस, अशीच सुरुवात होते! एक वाक्य मागच्या पानावर जातं, त्याला सोबत म्हणून दुसरं येतं, आणि बघता बघता मागून लिहिलेली पानं पुढून लिहिलेल्या पानांना येऊन भिडतात. मग नवं रजिस्टर मागायला गेलं की गणवीर काका चष्म्यावरून बघतात. “एवढं काय बोलून राहिले वं हे लोक?”

तर ते लोक काय बोलून राहिले, ते सांगते.

•

आधी आमचं ऑफिस. सदरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. खाली साडीला फॉल-पिको करून मिळतो, वर आम्ही अंतराळातल्या युद्धाची तयारी करतो. पाटीवर ‘अवकाश नेतृत्व अभ्यास केंद्र’ असं लिहिलंय. उद्याची चढाओढ उपग्रहांची असणार, तेव्हा फौजेतल्या अधिकाऱ्यांनी आतापासूनच डोकं त्या दिशेनं चालवायला शिकलं पाहिजे, असं कर्नल साहेबांचं म्हणणं. रिटायर झाल्यावर त्यांनी हे केंद्र काढलं. अधिकारी येतात, आठवडाभर राहतात, कॉम्प्युटरवरचे खोटे उपग्रह चालवतात आणि सर्टिफिकेट घेऊन जातात.

माणसं म्हणाल तर आम्ही चौघं. कर्नल साहेब संचालक. विंग कमांडर साहेब शिकवायला. कामठीहून रोज शेअर ऑटोनं येणारे रिटायर सुभेदार गणवीर काका, म्हणजे बाकी सगळं ऑफिस. आणि मी. पारशिवनीची, फिजिक्समध्ये एमएससी, लग्नाला सात महिने झालेली. नेमणूक सहा महिन्यांसाठी, तात्पुरती. की-बोर्ड कायम माझ्यापुढे, कारण साहेब लोक टाइप करत नाहीत.

माझा नवरा, रोशन, चंद्रपूरला नोकरी करतो, शनिवारी येतो. ठरलं होतं ते असं, की मी इथं ‘सराव नियंत्रक’ म्हणून पक्की झाले तर तो नागपूरला बदली मागणार. नाही झाले तर मी चंद्रपूरला जाणार आणि एमएससी लोखंडी पेटीत, लग्नातल्या शालूखाली. निर्णय शेवटच्या मोठ्या सरावानंतर. म्हणजे पार्टिशनपलीकडून आलं ते नुसतं वाक्य नव्हतं, निकालाचा कच्चा मसुदा होता!

•

काकांचा पहिला किस्सा हजेरीचा.

आमच्या सरावात आपल्या बाजूचा एक उपग्रह आहे. नाव गरुड. तो पृथ्वीभोवती फिरतो आणि आमच्या टप्प्यात दिवसातून चार-पाच वेळाच येतो. दर वेळी दहा मिनिटं. त्याला काय सांगायचं ते त्या दहा मिनिटांत सांगून घ्यायचं, मग तो क्षितिजाखाली जातो.

काकांनी पलटणीत तीस वर्षं हजेरी घेतली. त्यांनी गरुडच्या नावाचं रजिस्टर उघडलं. आठ दिवसांनी ते घेऊन थेट कर्नल साहेबांपुढे उभे.

“साहेब, हा गरुड दिवसातून पाच वेळा येते, दहा मिनिटं थांबते अन् न विचारता निघून जाते. मी असा जवान पलटणीत ठेवला नसता.”

“गणवीर, तो ड्युटीवरच असतो.”

“कुठं ड्युटीवर?”

“आत्ता... ब्राझीलवर असेल.”

काकांनी रजिस्टरचं पान उलटलं. “मूव्ह ऑर्डर हाय का त्याची?”

कर्नल साहेबांनी कारगिलची बर्फाळ रात्र काढलेली आहे, पण या प्रश्नापुढे त्यांनी माघार घेतली. तेव्हापासून गरुडच्या प्रत्येक फेरीची मूव्ह ऑर्डर, म्हणजे जाण्याचा लेखी हुकूम, निघते. टाइप मी करते, सही साहेब करतात, शिक्का काका मारतात. गरुड कॉम्प्युटरच्या बाहेर कुठेही अस्तित्वात नाही, पण त्याची सर्व्हिस फाइल माझ्या फाइलपेक्षा जाड आहे!

•

विंग कमांडर साहेबांना सगळं प्रात्यक्षिकासह शिकवायला आवडतं. कक्षा म्हणजे काय, हे दाखवायला त्यांनी वर्गातल्या पंख्याच्या पात्याला दोऱ्यानं एक काचेची गोटी बांधली. पंखा एकवर. गोटी गरागरा फिरायला लागली.

“देखिए, जोवर वेग आहे तोवर ती खाली येत नाही. वेग इज लाइफ!”

समोर नऊ अधिकारी वह्या उघडून. मागच्या बाकावर कर्नल साहेब तर्री-पोह्यांची प्लेट घेऊन.

आणि लाईट गेली.

पंखा मंदावला, गोटी हेलकावत खाली खाली आली, दोरा सुटला आणि गोटी सरळ कर्नल साहेबांच्या तर्रीत. साहेबांचा पांढरा शर्ट छातीपासून पोटापर्यंत लाल.

विंग कमांडर साहेबांनी खडू उचलला आणि शांतपणे फळ्याकडे वळले. “जंटलमेन, धिस इज कॉल्ड डीऑर्बिट.”

काकांनी रजिस्टर मागवलं. त्यात आजही नोंद आहे. ‘गोटी, नग एक. कर्तव्यावर असताना पडली.’

•

सरावात एक बाजू आपली असते, एक शत्रूची. पण शत्रू व्हायला कुणी तयार होईना. एक मेजर साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, मी शत्रू झालो आणि जिंकलो, तर रिपोर्टमध्ये काय लिहाल? आणि हरलो, तर काय लिहाल?” दोन्ही प्रश्न बरोबर होते.

मग सर्वानुमते शत्रू मला करण्यात आलं. घरात नवीन असलेल्या माणसाला हे फार अवघड जात नाही.

मी गप्प बसून पहिल्या दिवशी गरुड पाडला. काकांनी जुन्या जीपचा टेललाइट टेबलावर बसवला आहे. गरुड पडला की तो लागतो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पाडला. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांचं भाषण चालू असताना पाडला. वक्त्याच्या तोंडावर लाल उजेड पडला, तो बिचारा वेळ संपली समजून खाली बसला!

संध्याकाळी कर्नल साहेबांनी लेखी सूचना काढली. ‘शत्रूने भोजनकाळात, भाषणाच्या वेळी आणि रविवारी हल्ला करू नये.’

मी पोच म्हणून सही केली. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत पाडला. ती यादीत नव्हती.

महिन्याच्या अहवालात साहेबांनी लिहिलं, ‘शत्रूची तयारी उत्तम.’ त्याच्याच खाली, दुसऱ्या तक्त्यात, माझ्या नावापुढे नेतृत्वगुणाच्या रकान्यात लिहिलं, ‘आढळले नाहीत.’ टाइप अर्थातच मी केलं.

•

आता घरचा एक. घर मानकापूरला, घरात सासूबाई आणि मी.

सासूबाईंनी गल्लीत सांगून ठेवलंय, “आमची सून सॅटेलाइट पाह्यते.” त्यामुळे कुणाच्याही टीव्हीवर मुंग्या आल्या की बायका आमच्या दारात. एकदा एक काकू म्हणाल्या, “मालिकेच्या टायमावर तरी नको हलवत जाऊ वं बाई.” मी मान डोलावली. खरं सांगितलं असतं तर सासूबाईंची इज्जत गेली असती.

पण किस्सा तो नाही. किस्सा गच्चीचा आहे.

आमची आणि शेजारच्या काकूंची गच्ची एकच, मध्ये विटांची एक ओळ. आमची कपड्यांची दोरी आमच्या बाजूला, त्यांची त्यांच्या. पण त्यांची दोरी सरकायची. रोज चार बोटं. एक दिवस त्यांच्या ओल्या चादरी आमच्या वाळत घातलेल्या सांडग्यांवर टपकायला लागल्या.

मी ऑफिसातली माणूस. मी म्हटलं, “आई, आपण त्यांना आधी सांगून बघू. मग गल्लीतल्या एखाद्या मोठ्या माणसाला मध्ये घालू. मग...”

सासूबाई कणीक मळत होत्या. “काय काय करू म्हणते?”

“म्हणजे बोलून...”

“बोलण्यात त्या बाईले कोणी हरवलं का आजवर? तू बोलत राहाशीन, सांडगे भिजत राहातीन.”

दुपारी मी गच्चीवर गेले तर आमची दोरी आमच्याच बाजूच्या टोकाच्या कठड्याला होती, सांडग्यांची खाट पाण्याच्या टाकीमागे, आणि शेजारच्या चादरी नुसत्या फरशीवर टपकत होत्या. शेजारच्या काकू कमरेवर हात ठेवून उभ्या. भांडायला आल्या होत्या, पण भांडायचं कशावरून तेच त्यांना सापडेना!

खाली येऊन विचारलं, “आई, कधी केलं हे?”

“मघाशीच. त्याच्यात सांगाचं काय? सरकवली, झालं.”

शनिवारी रोशनला हे सांगितलं तर तो हसला. “बाबा म्हणत, हिले जनरल कराले पाह्यजे होतं.” मग जरा थांबून म्हणाला, “तुझ्या नोकरीचं काय म्हणतात गं? बदलीचा अर्ज मी लिहून ठेवलाय. तारीख टाकायची बाकी आहे.”

मी म्हटलं, “सरावानंतर सांगतील.” पार्टिशनचं सांगितलं नाही.

•

मोठ्या सरावाच्या आधी कर्नल साहेबांना एक कल्पना सुचली. आधुनिक स्पर्धेत निर्णय लवकर व्हायला हवेत आणि लहानांनी मोठ्यांना न घाबरता मत द्यायला हवं. म्हणून नियम केला, की कुठल्याही निर्णयाआधी सगळ्यात ज्युनियर अधिकारी पहिलं बोलणार. मग त्याच्यावरचा, मग त्याच्यावरचा. मला हा नियम फार आवडला. अजून आवडतो.

अडचण एवढीच, की त्यासाठी ज्युनियर कोण ते ठरायला हवं. वर्गात दोन मेजर होते, एकाच बॅचचे. आयुष्यभर दोघं एकमेकांना ‘आधी तुम्ही’ म्हणत आले होते. पण पहिलं बोलायची वेळ येताच दोघंही अचानक सीनियर झाले!

“सर, हे माझ्याहून ज्युनियर आहेत.”

“नाही सर, हेच ज्युनियर. मेसमध्ये नेहमी माझ्यानंतर जेवायचे.”

दीड दिवस त्यात गेला. शेवटी एक कॅप्टन साहेब सापडले, सगळ्यांहून तरुण. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. विंग कमांडर साहेबांनी परिस्थिती समजावली. शत्रूचा उपग्रह जवळ येतोय, गरुडला बाजूला घ्यायचं की तिथंच ठेवायचं?

कॅप्टन साहेब ताडकन उभे राहिले. “सर, आय अ‍ॅग्री विथ द सीनियर्स, सर!”

“अरे बाबा, सीनियर्स अजून बोललेच नाहीत!”

“दॅट इज व्हाय, सर!”

•

आणि आता मोठा सराव.

त्या दिवशी दिल्लीहून एक जनरल साहेब पाहुणे आले होते. केंद्र चालू ठेवायचं की नाही आणि माझी जागा भरायची की नाही, दोन्ही त्यांच्या शेऱ्यावर. काकांनी सकाळी सातला येऊन जिना धुऊन ठेवला होता. फॉल-पिकोवाल्या ताईंनी आपणहून मशीन बंद ठेवली होती. विंग कमांडर साहेबांनी पंख्याकडे पाहिलंसुद्धा नाही. या वेळी शत्रू मी नव्हते. शत्रू जनरल साहेबांनी सीलबंद पाकिटातून आणला होता आणि सकाळीच कॉम्प्युटरमध्ये भरला होता. मी आपल्या बाजूला, की-बोर्डवर. माझं काम एकच. कर्नल साहेब “एक्झिक्यूट” म्हणाले की बटण दाबायचं.

अकरा वाजता पडद्यावर शत्रूचा ठिपका गरुडच्या दिशेनं निघाला. हिशेब सरळ होता. गरुड आत्ता दहा मिनिटं टप्प्यात होता. या दहा मिनिटांत त्याला बाजूला व्हायला सांगितलं तर वाचेल. पुढची फेरी दीड तासानं, आणि ठोकर सव्वा अकराला. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात दहापासून उलटी मोजणी सुरू झाली.

“जंटलमेन,” कर्नल साहेब म्हणाले, “नियमाप्रमाणे सगळ्यात ज्युनियर अधिकारी आधी बोलतील.”

सगळ्यांनी कॅप्टन साहेबांच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी.

“सर, कॅप्टन साहेब सुट्टीवर हायत,” काका म्हणाले. “साखरपुडा हाय त्यांचा. तुमचीच सही हाय.”

नऊ मिनिटं.

“मग त्यांच्या वरचे.”

दोन्ही मेजर एकदम उभे राहिले आणि एकमेकांकडे हात करून म्हणाले, “हे, सर!”

“एक मिनिट,” विंग कमांडर साहेब म्हणाले, “ते ठरलं होतं ना?”

“नाही सर, कॅप्टन मिळाल्यावर ते अर्धवट राहिलं.”

आठ मिनिटं. जनरल साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

“गणवीर, सीनियॉरिटी लिस्ट काढा!”

काका कपाटाकडे गेले. चाव्यांच्या जुडग्यातल्या चाव्या एकेक करून लावायला लागले. मला पडद्यावर दोन ठिपके दिसत होते, एक दुसऱ्याकडे सरकत होता. रोज चार बोटं, तसा. मला उगाचच गच्चीवरची खाट आठवली.

“लिस्ट मिळाली साहेब!” सहा मिनिटं. “पण ही पाव्हण्यांची हाय. जेवाले बसवायची.”

“तीच चालेल, वाचा!”

“याच्यात दोघंही एकाच टेबलावर हायत.”

पाच मिनिटं. पहिले मेजर म्हणाले की जन्मतारीख बघा. दुसरे मेजर म्हणाले की जन्मतारखेनं सेवाज्येष्ठता ठरत नाही, आणि तरी तारीखच बघायची तर आपलं लग्न आधी झालंय. विंग कमांडर साहेब फळ्यावर दोघांच्या तारखा लिहायला लागले. कर्नल साहेबांच्या कपाळावर घाम. ते एकदाही पडद्याकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. ते फक्त जनरल साहेबांच्या पेनाकडे बघत होते. पहिल्यांदाच मला त्यांची दया आली. माणूस खरंच काहीतरी चांगलं करू बघत होता.

तीन मिनिटं. दोन. खोलीत सगळे एकाच वेळी बोलत होते आणि सगळेच इतरांना आधी बोलायला सांगत होते.

घड्याळात शून्य. गरुड क्षितिजाखाली गेला.

कर्नल साहेब खुर्चीत बसले. जनरल साहेबांनी हातातल्या घड्याळात पाहिलं आणि म्हणाले, “आता आपण ठोकरीची वाट बघू.”

आम्ही वाट बघितली. अकरा वाजून दहा. बारा. चौदा. सव्वा अकरा. सगळ्यांच्या नजरा काकांच्या टेबलावर, जीपच्या टेललाइटवर.

अकरा सोळा.

काकांनी टेललाइटवर टिचकी मारली. वायर हलवून पाहिली. मग रजिस्टर उघडलं, पेन हातात घेतलं आणि कुणाकडे बघावं ते न कळून माझ्याकडे बघितलं.

“काहून लागून नाही राहिला वं हा? मी गरुडची काय नोंद करू?”

काकांमागोमाग एकेक करून सगळेच माझ्याकडे बघायला लागले. दोन्ही मेजर. खडू धरलेले विंग कमांडर साहेब. जनरल साहेब. सगळ्यात शेवटी कर्नल साहेब.

मी की-बोर्ड पुढे सरकवला आणि उभी राहिले.

“हजर लिहा काका. सर, इथं सगळ्यात ज्युनियर मीच आहे. काका कपाट उघडत होते तेव्हाच मी गरुड बाजूला घेतला. अवकाशात आवाज पोचत नाही ना, म्हणून तुम्हाला ऐकू आलं नसेल.”